म्हशीच्या चष्म्याचा धडा

...आणि वर लोक म्हणतात, सत्यवतीबाईंनी वर्गात म्हैस आणली. अहो आणली नाही हो, तुम्हाला सांगतो, म्हैस आपल्या पायांनी आली, तीही मधली सुट्टी संपल्यावर, अगदी वेळेवर. पण हैदराबादच्या सुलतान बाजारात बातमी अशी पळते, की सकाळी इथं शिंकलात तर दुपारी मलकपेठेत लोक काढा सुचवतात. तेव्हा काय झालं ते माझ्याकडून ऐका, मी त्याच शाळेतला ड्रॉइंग मास्तर, शेजारच्याच वर्गात होतो.

सत्यवतीबाई म्हणजे आमच्या मराठी शाळेच्या दुसरीच्या बाई. बारा वर्षं दुसरीच शिकवत होत्या, आवाज बारीक, पण पोरं टाचणी पडली तरी ऐकू यावी इतकी गप्प. आणि त्यात आलं ते छप्पन्न साल. हैदराबाद राज्याचे तीन तुकडे झाले, मराठवाडा तिकडं मुंबईच्या राज्यात, आम्ही इकडं आंध्रात, आणि मराठी कारकुनांच्या धडाधड बदल्या, आज याला औरंगाबाद, उद्या त्याला नांदेड. कारकून गेला की त्याची पोरंही गेली. एकतीस पोरांची दुसरी, दिवाळीनंतर मोजली तर चौदा. हेडमास्तर नामदेवराव घाम पुसत म्हणाले, "बाई, पंधराच्या खाली पट गेला की वर्ग बंद, असा हुकूम आलाय. गुरुवारी इन्स्पेक्टरसाहेब येतायत. पोरांकडून जरा पाढेबिढे पाठ करून घ्या."

आता पाढे म्हटले म्हणून चौदाचे पंधरा होतात का? बाईंनी ते ओळखलं. रात्रभर विचार केला आणि सकाळी पिशवीतून काढलं एक चित्रांचं पुस्तक, 'म्हशीचा चष्मा'. एकच प्रत, चौदा पोरं. गोष्ट साधी. म्हशीला अंधुक दिसतं, माकड वैद्य तिला चष्मा देतं, चष्मा लावून ती तळ्यावर जाते तर पाण्यात दुसरी म्हैस. ही आपली सभ्य, म्हणते, "ताई, आधी तुम्ही प्या." आणि थांबते. ती पाण्यातली पण थांबते. दोघी तहानलेल्या.

बाईंनी काय केलं, अक्षरांवर कागद चिकटवले. म्हणाल्या, "नुसती चित्रं बघा आणि तुम्हीच सांगा." कारण पोरं घरी बोलणार दख्खनी, गल्लीत तेलुगू, मराठी फक्त आजीपुरती. पहिल्याच चित्राला जयवंता म्हणाली, "भैंस परेशान हाय जी." बाई रागावल्या नाहीत, म्हणाल्या, "म्हैस कशानं बेजार झाली असेल?" आणि मग कागद काढला. शब्द वाचताना कुणी अडलं तर बाकीच्यांनी तो शब्द करून दाखवायचा. 'तहान' आला की तेरा जिभा बाहेर. माझ्या वर्गातली पोरं भोपळा काढायचा सोडून खिडकीला लटकली. आता यात बाईंचं काय चुकलं, सांगा.

मग दोघादोघांच्या म्हशी झाल्या, एक पाण्याबाहेरची, एक पाण्यातली. जे ही करेल तेच तिनं करायचं. मधुकर नावाचा एक मुलगा, जूनपासून तोंडातून अक्षर काढलेलं नाही, तो पाण्यातली म्हैस झाला आणि समोरच्यानं रेकल्यावर असा रेकला, की शिपाई दाराशी बघायला आला. बाईंच्या डोळ्यांत पाणी. रेकण्याला मराठी म्हणायचं की नाही, हा प्रश्न त्यांनी नंतरसाठी ठेवला.

तिसऱ्या दिवशी पुठ्ठ्याचा चष्मा करायचा ठरलं. कापडवाल्याकडून खोके आणले. पण माप? जयवंता म्हणाली, "बाई, खरी म्हैस मोजू ना." शाळेमागं मल्लय्याचा गोठा. चौदा पोरं रांगेत, पुढं बाई, हातात सुतळी. मल्लय्या धार काढत होता, म्हणाला, "अम्मा, मेरी बर्रे को क्या हुआ?"

बाई म्हणाल्या, "कुछ नै, चष्मे का माप लेना है."

मल्लय्यानं बाईंकडं बघितलं, मग म्हशीकडं, आणि मुकाट्यानं तिचं तोंड धरलं. शिकलेल्या माणसाशी वाद घालू नये, असं त्याचं मत. माप झालं, हातभर. "चष्मा तयार झाला की बोलवू," बाई म्हणाल्या. आता यात तरी त्यांचं काय चुकलं?

चुकलं ते इतकंच, की चष्मा गुरुवारी सकाळी तयार झाला, आणि मधल्या सुट्टीत जयवंता परस्पर मल्लय्याला सांगून आली.

इकडं इन्स्पेक्टर भगवंतराव खुर्चीत बसलेले. काळी शेरवानी, कपाळाला आठी. "वाचून दाखव," एवढं म्हणाले, आणि दारातून म्हैस आत. अर्धी आत, अर्धी व्हरांड्यात, मागं दोर धरून मल्लय्या. नामदेवराव तीन भाषांतून "बाहेर" म्हणाले, म्हशीला एकही येत नव्हती. जयवंतानं शांतपणे चष्मा चढवला. म्हशीनं साहेबांकडं टक लावली. साहेबांनी तिच्याकडं.

 बाईंना वाटलं, बारा वर्षांची नोकरी गेली.

साहेब हळूच म्हणाले, "पुस्तक बघू." आणि वाचायला लागले, तर काय, बोट ठेवून, एकेक अक्षर. तुम्हाला सांगतो, जुन्या निजामी अमदानीतला माणूस, घरी मराठी, पण सगळी शाळा उर्दूतून झालेली. "अं... अंधु..." करून अडले. झालं, पोरांना काय माहीत इन्स्पेक्टर कोण, नियम तो नियम, चौदा पोरं डोळे मिचकावत भिंतीवर आपटायला लागली. "अंधुक," साहेब म्हणाले. असं करत करत तळ्यापर्यंत पोचले, "ताई, आधी तुम्ही प्या" वाचलं, आणि हसले ते हसतच राहिले, शेरवानीचं बटण तुटेपर्यंत. म्हणाले, "बाई, मला असं कुणी शिकवलं असतं तर."

पण मग त्यांनी पोरं मोजली. चौदा. पुन्हा मोजली. चेहरा उतरला. "हुकमापुढं माझं चालत नाही, बाई."

मल्लय्यानं दारातूनच विचारलं, काय मोजता? नामदेवरावांनी सांगितलं. त्यानं दोर शिपायाच्या हातात दिला, गेला, आणि पाच मिनिटांत सात वर्षांच्या मुलीला घेऊन आला, तिच्या हातांना अजून शेण. "यादम्मा. मेरी बेटी. जां बर्रे की इज्जत है, वां इसकी भी होएंगी. लिखो."

साहेब म्हणाले, "अरे, इसको मराठी आती क्या?"

"नै आती. तुमको भी अटक अटक के आती साब."

साहेबांनी पंधरावं नाव स्वतः लिहिलं. उर्दूत.

वर्ग टिकला. यादम्मा बाईंच्या तोंडून जसं ऐकेल तसं उचलायची, घरची मोडकी मराठी तिच्याकडं नव्हतीच. पुढच्या वर्षी स्वच्छ मराठी बोलण्याचं बक्षीस तिलाच गेलं. बक्षिसाच्या दुसऱ्या दिवशी आमच्या मराठी आया तावातावानं शाळेत. जयवंताची आई म्हणाली, "कायकू हो बाई, दूधवाल्याच्या पोरीला मराठी बराबर येतंय, अन् आमच्या पोरीलाच कायकू येत नै जी?"

सत्यवतीबाईंनी वही काढली. म्हणाल्या, "बसा. तुमचंही नाव लिहिते."