चौकशी होईपर्यंत

—नाही नाही बाई, तिकडून नका जाऊ, ते दार त्याईचं आहे. मायं इकडून. ही सपरी दिसते ना, एवढंच मायं घर — वाका जराशा, बांबू लागते डोक्याले. बसा. बोरा झटकून देते, बसा त्याच्यावर. हो जी, मीच धुरपताबाई. मालकाचं नाव केवळराम, ते जाऊन लई वर्सं झाले. एकटीच राहते मी. लिहा, एकटी. हे पाहा मायी चूल — राख गरम आहे अजून, हात लावून पाहा पाहिजे तं. हा माया भाताचा गंज, हे तांदूळ, हे मीठ, शिशीत तेल आहे थोडं. देवानंद? हो, देवानंद माया पोरगा होय, नाही कुठं म्हनते मी, पन तो वेगळा आहे. तो, त्याची बायको नूतन, दोन लेकरं — ते भिंतीच्या तिकडं. मी त्याईच्यात जेवत नाही. सनावारालेही नाही. गावात कोनालेही विचारा — म्हंजे जागेश्वरले सोडून कोनालेही विचारा.

काय म्हनता? तहसीलीतून नाही आल्या तुमी? चौकशीच्या नाही? — मंग गळ्यात हे नाव-फोटोचं कायले अडकवलं बाप्पा. मी तं लांबून तुमाले पाहूनच राख उकरली, गंज पुढं केला. सर्वे. बरं. घरोघरी कोन काय काम करते, किती कमावते, काय खाते. विचारा मंग, आता बसलाच आहा तं विचारा. नाही, मले राग नाही आला. जरासं असं झालं, का दोन दिवाळ्या झाल्या वाट पाहून राहिली मी, अन् आलं कोनीतरी तं दुसऱ्याच कामाचं. तुमचा काय दोष.

मुख्य काम? आता मुख्य कसं सांगू? ज्या महिन्यात जे भेटंल ते मुख्य. पावसात धानाचा रोवना — कंबर मोडते पन जाते मी, घरी बसून कंबर काही सरळ होत नाही. मंग निंदन, मंग धान कापनं, हे आता चालू आहे ते. मंग काहीच नाही. हो, काहीच नाही हेही लिहा, ते लई महिने चालते. मंग मोहफूल, पहाटेच उठून वेचा लागते, नाही तं ढोरं खाऊन टाकतेत. मंग तेंदूपत्ता. एकच लिहा लागते? एकच खाना आहे त्या मोबाइलात? तं मंग मजुरी लिहा. मजुरीत सारं येते, काही नाही तेही येते. देवानंदचं? तो वेगळा आहे म्हनलं ना जी — पन सांगते. गोंदियाले राईस मिलमध्ये पोते उचलते. आठवड्यानं येते, पाठ चोळून मागते लेकराईकडून, झोपते, जाते. मिल बंद तं घरी. आमचा शिकलेला होता तो, बारावी. आता बारावी पोते उचलते.

टीव्ही? — थांबा, हे मजेचं आहे. टीव्ही त्याईच्या घरी, आवाज माया घरी. या भिंतीतून सारं आयकू येते, सासू सुनेले काय बोलली, सून काय रडली, सारं माहीत आहे मले, फक्त तोंडं नाही पाहिली कोनाची. आता हे आहे लिहाचं का नाही लिहाचं? नाही लिहा. अन् लाईट — ती वायर पाहा, भिंतीवरून आली आहे. मीटर एकच. त्या मीटरले कोनी सांगतलंच नाही का इथं दोन घरं आहेत म्हनून.

हं. हे पुन्हा म्हना बरं. एका चुलीवर जेवनारे किती — असंच आहे का त्या मोबाइलात? ज्याईची चूल एक, ते एक कुटुंब? असा नियम आहे का तुमचा? — चूल कोनाची आहे हे नाही विचारत का ते? तांदूळ कोनाचा आहे हे? कारन तांदूळ एकच आहे, बाई. पोतं एकच. रेशनचं पिवळं कार्ड माया नावचं, पस्तीस किलो येते, देवानंद सायकलवर आनते, तिकडं कोठीत टाकते, अन् मले लागंल तसा डब्यानं देते. कमी नाही पडू देत, खोटं कायले बोलू. तिकडं शिजते तोही मायाच नावचा अन् इथं शिजते तोही. दाना तोच, पानी त्याच विहिरीचं, अन् तरी तुमच्या त्या मोबाइलात दोन कुटुंबं. लोक म्हनतेत घरोघरी मातीच्या चुली — आमच्या एकाच घरी दोन आहेत.

तो मनिराम आहे ना, लोकाईचे फॉरम भरून देते तो, त्यानं सांगतलं होतं देवानंदले. का तुयी माय तुया कार्डात आहे तोवर तिच्या वाट्याचं मूठभर भेटते, तेच ती वेगळी निंघाली, एकटी विधवा म्हातारी, तं पिवळं कार्ड होते. वेगळी म्हंजे खरं वेगळी नाही, चूल वेगळी दिसली पाहिजे, बस. यात काऊन लाजाचं? अर्ध्या गावानं केलं तसं. मीच म्हनलं, करा. ही चूलसुदा मी नाही घातली, नूतननं घातली, धानाच्या बांधीतली माती आनून, आपल्या हातानं. मंग ती म्हने, आत्या, नवी चूल नवीच दिसते, साहेब वळखंल — तं तिनं धानाचा वाळला तनीस पेटवला इथं अन् भिंत काळी केली. ते काळं दिसते ना वर, ते त्या दिवसाचं आहे. एवढा धूर झाला का आमी दोघी अंगनात जाऊन खोकलो अन् हासलो, हासलो, शेजारची सुमनबाई पाहाले आली काय झालं म्हनून. अन् चूल पेटलीच आहे तं नूतननं अंडे करून टाकले तिच्यावर. सारे इथंच जेवलो त्या दिवशी. पाच जनं. एवढ्याशा जागेत मांडीले मांडी लावून. नातू हिमांशू मांडीवर होता माया.

कार्ड आलं. अन् कार्ड आल्यावर मी तिकडंच जेवत होती, बाई, लई दिवस. चूल अशीच पडून होती, कोंबडी अंडे घाले तिच्यात. मंग जागेश्वरनं तक्रार केली तहसीलीत — का ही म्हातारी पोराच्या घरी जेवते अन् एकटीचं कार्ड खाते. त्यालेही वाईट नाही म्हनत मी. त्याची माय त्याच्याजवळ जेवते, त्यानं काही खोटं केलं नाही, अन् तिले कार्ड नाही भेटलं. तं चौकशीचा मानूस येईल असं झालं. देवानंद आला, इथं बसला तुमी बसल्या तिथं, खाली पाहून म्हने — आई, पंधरा दिवस. चौकशी होईपर्यंत इकडंच शिजव, इकडंच खा, कोन कधी येईल भरोसा नाही. मी म्हनलं, पंधरा दिवसानं काय मरून राहिली मी? शिजवते.

अन् आलाच नाही तो. पंधरा दिवस झाले, महिना झाला, कोनीच आलं नाही. आता येईल, निवडनुकीनंतर येईल, पावसाळ्यानंतर येईल. मी रोज अंगन झाडलं, रोज इथंच भात केला, का आज येईल. अन् मंग काय झालं मलेच समजलं नाही, त्याईले सवय झाली. मलेही झाली असंल. नूतन पाच जनाचा भात टाके, ते चौघाचा टाकू लागली — आता कोनी जेवनारच नाही तं कायले जास्तीचा टाकंल ती? आचल मायी नात, सातवीत आहे, ती भिंतीपलीकडून विचारते, आजी, तुयी भाजी झाली का? मायेनंच विचारते. वाटीत आनूनही देते कधी. अन् पोळ्याले पाहुने आले तं त्याईनं हिमांशूले विचारलं, तुयी आजी कुठं राहते रे? तं तो म्हने, बाजूच्या घरी. — बाजूच्या घरी, बाई. हे घर माया नवऱ्यानं बांधलं. ही भिंत मी लिपली, त्याचा बाप पोटात होता माया तेव्हा.

नाही, भांडन नाही. तेच तं. भांडन झालं असतं तं लई बरं झालं असतं. भांडन झालं का चार लोक येतेत, तुयं चुकलं, तियं चुकलं म्हनतेत, चहा होते, अन् मंग हात धरून नेतेत पंगतीले. आमचं भांडनच नाही तं मिटवाले कोन येईल? अन् सून वाईट नाही मायी, असं काही लिहू नका तुमी. ताप आला मले तं पायाशी बसून होती रातभर. पेज करून आनली — आनली, बाई. तिकडून इकडं आनली. उठा आत्या, तिकडं चाला, असं तिच्याही तोंडात नाही आलं, अन् मी तिकडं येते, असं मायाही तोंडात नाही आलं. आपलेच दात अन् आपलेच ओठ.

तेंदूपत्त्याले मात्र संगं जातो आमी. दोघी. पहाटेच निंघतो, अन् पानं तोडून झाली का झाडाखाली बसतो, अन् नूतन डबा काढते — एकच डबा असते, बाई. एकच. भात अन् आंब्याचा ठेचा, अन् ती इकडून खाते अन् मी तिकडून खाते. जंगलात कोन येते चौकशीले? ते दिवस लवकर सरतेत. पानं चांगली असली का लोक खुश होतेत लवकर आटपलं म्हनून. मी नाही होत. मी देवाले म्हनते, पानं जराशी कमी दे, दोन दिवस जास्त चालू दे. — हे कायले सांगतलं मी तुमाले. हे नका लिहू.

आता किती लिहाचं ते सांगा म्हनता. रिकामं ठेवा ना. — आकडा टाकल्याशिवाय पुढं जातच नाही का? हट्टी आहे. तं पाच लिहा. देवानंद, नूतन, आचल, हिमांशू अन् मी, पाच. चांगलं दिसते. … नाही, थांबा, थांबा बाई, पाच लिहिलं अन् ते तहसीलीत समजलं, अन् कार्ड गेलं तं? मिल तं दोन-दोन महिने बंद राहते, तेव्हा लेकरं तेच खातेत. तुमच्या ह्याच्यानं कार्ड जात नाही ना? — तुमाले माहीत नाही. बरं. तुमालेही माहीत नाही.

मंग एक काम करा मायं. तुमी शिकलेल्या आहा, गळ्यात हे आहे तुमच्या. नूतन येईलच आता धान कापून. तिले एवढंच म्हना — चौकशी झाली. म्हातारीचं सारं पाहिलं, कार्ड कायम आहे, आता म्हातारी कुठंही जेवली तरी चालते. तुमच्या तोंडून आयकंल ती. अन् खोटं कुठं आहे यात? तुमी आल्या, बसल्या, विचारलं, चूल पाहिली. मंग चौकशी आनखीन काय असते? मले पैसा नको, घरकुल नको, बाई. मले तेवढं एक सांगून द्या.

आली पाहा. — नूतन, ये, इकडं ये. या बाई गोंदियाहून आल्या. चौकशीच्या आहेत. पाहिलं त्याईनं सारं. मले विचारलं, लिहून घेतलं, झालं म्हनतेत. … हो ना जी? … बाई? … हे पाह, मान हलवली त्याईनं. झाली म्हनतेत चौकशी. तं मी म्हनलं, आता आजपासून मी तिकडं…

काय? … हो. … हो, तेही खरंच आहे. पुन्हा येतेत कधी कधी, न सांगता. … नाही व, म्या असंच म्हनलं. कायले कार्ड घालवाचं. … नाही, नाही मांडला अजून. मांडते ना. या बाईसंग बोलत बसली तं राहून गेला. … हो हो, आहे तेल. जा तू, हातपाय धू.

— पाहिलं ना जी, किती काळजी करते. आल्या आल्या विचारलं, माया भात मांडला का म्हनून.

एक लिहा. दाबा ते. उठा बाई आता, तुमाले स्टेशन गाठाचं आहे, अन् मले जाळ करू द्या.