दोनदा फुलणारी आयरिस आणि कालव्याचे साहेब

सन्माननीय अध्यक्ष पितांबरनाना, आमच्या बंगल्यात उद्यापासून राहायला येणारे नवे साहेब धनसिंगराव, ज्यांच्या निरोपासाठी आपण जमलो ते माझे यजमान, आणि समोर बसलेल्या बंधुभगिनींनो,

वहिनींनी दोन शब्द बोलावेत, असा आग्रह झाला. जळगावात दहा वर्षं काढली. आग्रह आज झाला.

आतापर्यंतच्या प्रत्येक वक्त्यानं बंगल्यातल्या आयरिसचं श्रेय आमच्या साहेबांना दिलं आणि त्यांनी मान लववून ते घेतलंही. कमरेइतकी उंच, खालच्या पाकळीवर दाढीसारखी लव असलेली, वर्षातून दोनदा येणारी ती जांभळी फुलं म्हणे साहेबांच्या हातची! अहो, साहेब कालव्याचे इंजिनिअर. पाणी सोडलं की सगळं हिरवं होतं, एवढंच त्यांचं शेतीशास्त्र. सत्तेचाळीस साली विलायतेला निघालेल्या, आधीच्या गोऱ्या साहेबाच्या मडमेनं मला कंद दिले, ते यांनी पहिल्याच महिन्यात पाणी पाजून पाजून कुजवले. नासक्या बटाट्यासारखा वास सुटला होता. एक कंद वाचला, कारण तो मी यांच्यापासून लपवला होता.

नाना, तेव्हा तुम्हीही सल्ला दिला होतात. "वहिनी, कंद म्हंजे कंद. केयीसारखा खोल गाडा, नि द्या पानी!" केळीतलं तुम्हाला कळतं, नाही कोण म्हणतं? पण या कंदाची पाठ मातीबाहेर, उन्हात लागते. पहिला बहर ओसरला की बेतानं पाणी, जुनं शेणखत तेही कंदाला न टेकवता. मग दिवाळीच्या सुमारास दुसरा दांडा येतो. तो पहिल्यांदा उमलला तेव्हा मी आनंदानं रडले. यांना हाक मारली, तर म्हणाले, "चहा झाला का?" दुसऱ्या दिवशी मात्र वरच्या साहेबांना "माझी आयरिस" म्हणून बागेत फिरवत होते.

आणि मघाशी यांनी इथूनच जाहीर केलं, की आयरिसचा वाफा धनसिंगरावांना भेट. टाळ्याही झाल्या. मला कुणी विचारलं? धनसिंगराव, परवा तुम्ही त्या वाफ्यावर बूट ठेवून म्हणालात, "इथं केळी झकास होतील." नानांनी मान डोलावली, यांनीही डोलावली. तीन शहाणे, आणि एकालाही पायाखाली काय आहे ते दिसलं नाही.

म्हणून आज सकाळी मी त्या एकाचे वाढलेले सगळे कंद काढले, पानं छाटली आणि पोत्यात भरून चाळीसगावला माझ्या बहिणीकडे, बेबाबाईकडे पाठवून दिले. आम्ही राहायला तिकडेच जातो आहोत. कंद पुढे गेल्याचं साहेबांना आत्ताच कळतं आहे. बंगल्यातला वाफा रिकामा आहे. खुशाल केळी लावा.

शाल आणि नारळाबद्दल समितीची आभारी आहे. काही कमीजास्त बोलले असेन तर मोठ्या मनानं सोडून द्या. साहेबांनी सोडलं नाही तरी चालेल. गाडीत त्यांच्याशेजारी मीच बसणार आहे.