खास मागवलेला दगड

...नाही हो, जागेची तक्रारच नाही! अंगणात जागा भरपूर आहे, पण खुर्ची उभी राहत नाही त्याचं काय करू? ठेवली की पुढचे दोन पाय अंगणभर पसरलेल्या गोट्यांत रुततात आणि मी साष्टांग नमस्काराच्या तयारीत! मागे रेललो तर मागचे रुततात आणि थेट आकाशदर्शन. काठी टेकावी तर काठी घसरते. दुपारी तर ते गोटे असे तापतात की शेजारचं मांजरसुद्धा तीन उड्यांत अंगण ओलांडतं आणि पलीकडे जाऊन पाय चाटत बसतं. निवृत्त झाल्यापासून ज्या अंगणात मी मिरच्या लावल्या, वांगी लावली, पेपर वाचला, पेपर तोंडावर घेऊन झोपलो, त्या माझ्या अंगणात आता मला बूड टेकायला जागा नाही. का? तर म्हणे, नैसर्गिक दिसलं पाहिजे!

तुम्हाला सांगतो, हे सगळं सुरू झालं सूनबाईंच्या मैत्रिणीच्या अंगणावरून. तिथे म्हणे दगडच दगड आहेत आणि बघितल्यावर मन शांत होतं. आता मन शांत करायला दगड कशाला, मी आहे ना घरात! दिवसभर कुणी माझ्याशी बोलत नाही, मीही कुणाला काही विचारत नाही, याहून शांत काय असतं? पण नाही. चिरंजीवांनी एक बागरचनाकार बोलावला. माळी नाही हं! माळी म्हटलं तर सूनबाईंनी असं पाहिलं, जणू मी त्या बिचाऱ्याची जातच काढली. हा बागेला हात लावत नाही, बागेची रचना करतो. पांढरी पँट घालून आला होता, त्यावरूनच मी काय ते समजलो. मातीत काम करणारा माणूस पांढरी पँट घालतो?

चिरंजीव म्हणाले, "बाबा, तुम्हालाही विचारतोय हं." मी जन्म कचेरीत काढला. काही कागद साहेबांकडे 'आदेशार्थ' जातात आणि काही नुसते 'माहितीस्तव'. निवृत्तीनंतर माणूस माहितीस्तव उरतो, हे मला कळत होतं, पण तरी गेलो. वाफ्यातून उठून तसाच गेलो. मिरचीच्या मुळाशी सापडलेला एक धोंडा हातात होता. टेबलावर त्या गृहस्थाचा नकाशा वाऱ्याने फडफडत होता, म्हणून त्यावर तो ठेवला. चांगलंच केलं ना? कचेरीची सवय, कागद उडू द्यायचा नाही!

त्याने नमुने मांडले. "हा पहाटधुकं. हा शांतसरिता. आणि हा... मौन." मौन! अहो, दगड आहे तो, व्याख्यान देणार होता का? सूनबाई प्रत्येकाला गालाशी लावून बघतायत, चिरंजीव मान हलवतायत, आणि तेवढ्यात रचनाकाराची नजर गेली नकाशावर. "हा!" असा ओरडला की मी घाबरून चष्मा चाचपला. "हाच! काय पोत आहे! हा तांबूस करडा... हा आमच्या माणसाने कधी ठेवला?" मी म्हटलं, "अहो, तो माझ्या वाफ्यातला..." "काका, एक मिनिट हं." "अहो पण तो आत्ता मिरचीच्या..." "बाबा, त्यांना बोलू द्या ना, त्यांना कळतं त्यातलं." झालं! धोंडा पसंत. सहज मिळत नाही म्हणे, खास मागवावा लागेल.

मग त्याची माणसं आली आणि त्यांनी अंगण खरवडलं. माती नेली, मातीतले धोंडे नेले, गांडुळं गेली, फुलपाखरं यायची बंद झाली. खाली तण येऊ नये म्हणून काळं कापड अंथरलं. सगळी जमीन अशी झाकून झाल्यावर हा कमरेवर हात ठेवून म्हणतो, "आता कसं नैसर्गिक दिसायला लागलंय!"

मी म्हटलं, "एवढा एक कोपरा सोडा. चार मिरच्यांपुरता."

"काका, दृश्य तुटतं. नजर कशी वाहत गेली पाहिजे."

"मग वाहू दे की! वाहता वाहता मिरचीवरून गेली तर काय झोंबणार आहे?"

"बाबा, प्लीज!" चिरंजीव.

शेवटी मी आमच्या हिच्याकडे पाहिलं. म्हटलं, संसार केलाय, एक शब्द तरी टाकेल. तर ही म्हणते, "अहो, पुरे झाल्या त्या मिरच्या. घरात कोण खातं? तुमचे चिखलाचे पाय पुसता पुसता माझी कंबर गेली. मला तरी बघू दे एकदा स्वच्छ अंगण." तुम्हाला सांगतो, तिथे मी मिरच्यांचा विषय सोडला. कारण कंबर खरंच गेलीय हो तिची. दगडापेक्षा वीट मऊ म्हणतात, पण आमच्या घरची वीट जास्त लागली.

आणि मग तो खास मागवलेला दगड आला! पोत्यांतून, धुऊनपुसून. मी आपला उगाच एक पोतं चाचपत होतो, तर हाताला काय लागलं असेल? माझ्या खुरप्याची मूठ! गेल्या वर्षी वांग्यांत हरवलेली, माझी, दोरी गुंडाळलेली मूठ! माझेच धोंडे न्हाऊन-माखून माहेरी आले होते हो! धावत गेलो, मूठ नाचवली त्याच्या नाकासमोर. तर तो शांतपणे म्हणतो, "काका, नैसर्गिक मालात असं थोडंफार येतंच." आणि चिरंजीव मला बाजूला घेऊन, "बाबा, प्रत्येक गोष्टीत कशाला संशय घेता? खुरप्याच्या मुठी काय जगात एकट्या तुमच्याच आहेत?"

मधोमध एक भलीमोठी शिळा बसवलीय. खुर्ची रुतते म्हणून एकदा तिच्यावर बसलो, तर सूनबाई खिडकीतून, "बाबा, ती बसायची नाही, बघायची आहे!" म्हणजे अंगणात दगडाला बसायची परवानगी आहे, मला नाही. सांभाळायला काही लागत नाही म्हणाले होते, आणि खरंच त्यांना काही लागत नाही. गोट्यांत अडकलेली पानं रोज मी वेचतो.

परवा रचनाकार फोटो काढायला आला. मी गुपचूप आत निघालो. म्हटलं, आपल्यामुळे कुणाची नजर तुटायला नको. तर मागून हाक, "काका, थांबा! जाऊ नका!" तुम्हाला काय सांगू, मला एकदम बरं वाटलं हो! म्हटलं, आली आठवण, या अंगणाचा कुणी मालकही आहे! वळलो, सदऱ्याचं बटण लावलं.

"तिथेच, शिळेला लागून उभे राहा. शेजारी माणूस असला की दगड केवढा मोठा आहे ते कळतं."

चिरंजीव म्हणाले, "बाबा, असे ताठ नका उभे राहू. नैसर्गिक दिसलं पाहिजे."

राहिलो उभा. काय करणार? फोटो बघितला मी. दगड फार छान आलाय.