मिलोयेच्या चुलीसाठी वकील

...नाही, पण मी म्हणतो, वकील मागितला म्हणजे काय चंद्र मागितला का हो मी? एक वकील! गिऱ्हाइकाच्या बाजूनं उभा राहील असा, साधासुधा! तुम्हाला सांगतो, मिलोयेच्या दुकानातून लाकडाची चूल घेतली, नवी कोरी, निकेलचा कठडा, दिसायला नवरी! पहिल्याच दिवशी पेटवली, तर धूर धुराड्यातून वर जायचा सोडून घरात! मिलोये म्हणतो, "व्लादेता, चूल उत्तम आहे, खोट तुझ्या धुराड्यात." धुराडी साफ करणारा म्हणतो, "धुराडं झकास, खोट चुलीत." आणि मधल्यामध्ये माझी देसांका खोकतेय! खोकता खोकता तिनं बॅग भरली, बहिणीकडे निघाली, दारात वळून म्हणाली, "चूल बदल, मग येईन. तोवर फोनसुद्धा करू नकोस." तेहतीस वर्षांचा संसार हो... आणि चूल? धूर घरात!

गेलो ओब्राद वकिलाकडे. कॉफी झाली, राकिया झाली, आमची फळांची घरगुती दारू हो, माझी कहाणी ऐकून गडी असा तापला, "सोडायचं नाही त्याला! कायदा आपल्या बाजूनं आहे! दुकानदाराचं नाव काय?" म्हटलं, मिलोये. ग्लास खालीच ठेवला त्यानं. "अरे देवा... मिलोये माझा कुम! लग्नात माझ्या शेजारी उभा होता तो. कुमावर खटला? माझी आई थडग्यातून उठून येईल!" आता कुम म्हणजे लग्नातला साक्षीदार, लेकराचा धर्मपिता, रक्ताहून जवळचं नातं! सख्ख्या भावाला कोर्टात खेचा, कोणी हूं की चूं करणार नाही, जमिनीवरून रोजच खेचतात, पण कुम? छे!

गावात दुसरी वकील म्हणजे स्लाविंकाबाई. माझं वाक्य पुरं व्हायच्या आत म्हणते, "धूर ना? माझ्याकडेही तीच चूल!" काय आनंद झाला म्हणता मला! म्हटलं, मग दोघं मिळून... तर बाई डोळे पुसत म्हणते, "कसलं दोघं! उन्हाळ्यात तक्रार घेऊन गेले, तर त्यानं मला नातीच्या बाप्तिस्म्याला कुमा केलं, धर्ममाता!" मी आपला हळहळलो. अक्कल बघा माझी, नुसता हळहळलो! घरी आलो, खिडकी उघडावी तर बर्फ आत, मिटावी तर डोळे चुरचुरतात... आणि चूल? धूर घरात!

शेवटी बस पकडून उझित्सेला गेलो. तिथे कोविल्का नावाच्या वकीलबाई. म्हटलं, बाकी राहू द्या, आधी सांगा, तुमचा कुम कोण? "तिकडे लांब नोवी सादचा एक दंतवैद्य." अहो, मी त्यांचा हातच धरला! बाईंनी नोटीस लिहिली, आणि शिक्का असा मारला की टेबल हाललं. तिथूनच देसांकाला फोन केला, "पंधरवड्यात नवी चूल!" तर म्हणाली, "माझे लोकरीचे मोजे तिकडेच राहिलेत. असू देत, येऊनच घालीन." देसांकाच्या तोंडून हे म्हणजे प्रेमपत्रच समजा!

आणि रविवारी दारावर टकटक. मिलोये! नोटीस पोचली, आता शिव्या घालणार म्हणून मी बाह्या सरसावून उभा, तर गड्याच्या एका हातात पाव, दुसऱ्या हातात राकियाचा बुधला, डोळ्यांत पाणी. "व्लादेता, नातवाचा बाप्तिस्मा आहे. कुम तू." आता कुम हो म्हटल्यावर नाही म्हणता येतं का हो? आमच्याकडे आजवर कुणी म्हटलंय? शेजारीण कुंपणावरून मान लांब करून बघतेय, पेला भरलेला... रीतीप्रमाणे गालांचे तीन मुके घेतले मी त्याचे! मिलोयेचे! मी!

कोविल्काबाईंना फोन केला, "नोटीस मागे घ्या, तो माझा कुम झाला." बाईंनी लांब उसासा टाकला. "या वर्षीचे तुम्ही चौथे. त्या माणसाला नातवंडं आहेत तरी किती?"

बाप्तिस्मा झाला. दुसऱ्या दिवशी दारात टेम्पो. कुमाला मानाची भेट! वर काय? ताडपत्रीखाली चूल! मला भरूनच आलं हो, म्हटलं, लाजला शेवटी माणूस... ताडपत्री काढली, तर तीच! तोच निकेलचा कठडा! वर मिलोये म्हणतो, "एक रुसली तर दुसरी असावी, कुम!" आणि कुमाची भेट कोणी परत करतं का?

संध्याकाळी देसांकाचा फोन. हो, तिचा, स्वतःहून! "बदलली का रे चूल?"

काय सांगू? म्हटलं, "नाही गं... दोन झाल्या. तुझे मोजे पाठवून देतो."