मागच्या बाकाचा नंबर

(मिनेसोटातलं घर. व्हर्लिन तळघरात, बायको आर्डिसच्या कॉम्प्युटरसमोर, फोन कानाला. मुलगी सिग्ने फार्गोहून बोलतेय.)

सिग्ने : घेत नाही म्हणजे? बाबा, नक्की काय घातलंत?

व्हर्लिन : तूच म्हणालीस, कॉम्प्युटरच्या नंबरातले पहिले तीन आकडे इंटरनेटच्या डब्याचे तेच ठेवा, शेवटचा मनाने घाला. मी २५५ घातला.

सिग्ने : २५५ का पण?

व्हर्लिन : सगळ्यात शेवटचा. कुणाच्या मध्ये यायला नको. चर्चमध्येही आपण मागच्याच बाकावर बसतो.

सिग्ने : अहो, तो कुणालाच देत नाहीत! घरातल्या सगळ्या मशीनना एकदम हाक मारायला ठेवलेला असतो.

व्हर्लिन : मग खालच्या ओळीत तोच तीनदा कसा?

सिग्ने : ती ओळ वेगळी. तिला हात लावू नका.

व्हर्लिन : तिथे तीनदा चालतो, मी एकदा घातला तर गुन्हा.

सिग्ने : बाबा, टाका ना ते जुनं धूड. उद्यापुरते लेफ्से दुकानातून आणा, बटाट्याच्या पोळ्याच तर त्या.

व्हर्लिन : चर्चच्या जेवणाला, आर्डिसच्या ताटात, दुकानातले? मी करतो म्हणून सांगून बसलोय. आणि मला ते फक्त खाता येतात. सगळं तिच्या त्या व्हिडिओत आहे, आणि तो या कॉम्प्युटरमध्ये. परवा वीज गेली, तेव्हापासून वरचा टीव्ही म्हणतो कॉम्प्युटर सापडत नाही. अगं, इथेच तर आहे, माझ्या गुडघ्याला लागतोय!

सिग्ने : वीज आली की डबा नवे नंबर वाटतो. टीव्ही आईचा जुनाच शोधत बसलाय. टीव्हीवर शेवटचा आकडा कुठला दिसत होता?

व्हर्लिन : तेवीस.

सिग्ने : मग तोच घाला, म्हणजे कायमचा राहील. दुसऱ्या कुणाला गेला नसला तर.

व्हर्लिन : कोणाला जाणार? घरात मी एकटा... घेतला. लाल इशारा गेला. थांब, वर जातो.

सिग्ने : हळू चढा. बाबा? लागला का व्हिडिओ? नसेल तर मी उद्या सकाळीच येते, आपण दोघं—

आर्डिस (टीव्हीवरून) : ...बटाटा पूर्ण गार होऊ दे, गरम लाटलास की फाटलाच. व्हर्लिन, माझं तोंड काय घेतोस, कॅमेरा हातावर धर!

व्हर्लिन : सिग्ने, लागला गं. ऐकतेस ना? आता सांग, ती खालची ओळ—

सिग्ने : बाबा, बोलू नका. फोन टीव्हीजवळ धरा.