गळ्यातला गमजा

आमच्या अण्णांचा, म्हणजे वडलांचा, घरात लई दरारा. मांजरीच्या पिल्लाच्या कानामागचे केस गोल झडलेले दिसले, तसा त्यांनी हुकूमच सोडला, "गजकर्ण हाय ते. कुणी शिवायचं न्हाई. गोठ्यात ठेवा." माझी पोरगी लई रडली, पण अण्णांपुढं कोण बोलणार?

शेवटी अण्णा आन् मी पिल्लू घेऊन गुरांच्या डॉक्टरकडं गेलो. डॉक्टर म्हणाले, "मलम लावा, बरं होईल. पण हे माणसालाबी लागतं. घरात कुणाला चट्टा उठलाय का?"

"कुणालाच न्हाई," म्हणत अण्णांनी गळ्यातला गमजा आवळला.

डॉक्टरांनी तो हळूच सरकवला. मानेवर तसाच गोल चट्टा!

अण्णा खाली बघत म्हणाले, "एवढासा जीव, गोठ्यात लई गारठतो ओ. रोज रात्री माझ्या घोंगडीत घेतो मी."