दारातला पांगारा

साल कोणतं ते नक्की सांगता येत नाही, आणि अलीकडे माझ्या आठवणींवर माझाच भरवसा नाही. बी.ए. होऊन मी भोर संस्थानात नवी बांधकामं तपासायच्या नोकरीला लागलो होतो. घरापुढे दोन जिवंत झाडं दिसल्याशिवाय राहायचा परवाना द्यायचा नाही, असा नियम होता. गंगूबाई नावाच्या विधवेचं घर बांधून तयार होतं, पण परवान्यावाचून ती लेकरांसह गोठ्यात राहत होती. तिच्या दारात दोन बिनपानांच्या काठ्या रोवलेल्या होत्या.

“ही झाडं नाहीत,” मी म्हणालो.

“पांगारा हाय, रावसाहेब. नुसती फांदी खोचली तरी जगतोय.”

“मला फसवू नका.”

“सई घेतल्याबिगर मी हितनं हलायची न्हाई.”

मी चिडून एक काठी उपटली. खाली बोटभर पांढरी मुळं लोंबत होती.

“जितं झाड उपटलंत,” बाई म्हणाली. “आता तुमीच लावा.”

मी धोतर खोचून खड्डा उकरला, फांदी लावली, पाणी घातलं आणि तिथंच सही केली.

निवृत्तीनंतर त्या नियमाची प्रत हाती आली. तो फक्त वेशीच्या आतल्या घरांना लागू होता. गंगूबाईचं घर वेशीबाहेर होतं.